रासायनिक अभिक्रिया घडत असतानाच पाहता येते का, आणि वेग मोजण्यापेक्षा त्यातून अधिक काय कळते?

होय, पाहता येते. मी पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवतो आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. वेग मोजला की असंख्य रेणूंची सरासरी हाती येते. बंध कोणत्या क्रमाने तुटले, हे त्या आकड्यात थेट दिसत नाही.

मुख्य अडचण काळाची होती. सेकंदाला एक किलोमीटर वेगाने जाणारा अणू एक अँगस्ट्रॉम (साधारण एका अणूच्या आकाराएवढे) अंतर अवघ्या १०० फेमटोसेकंदांत कापतो, आणि फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचाही दहा लाखावा भाग. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांनी यासाठी लेसरचे दोन स्पंद, म्हणजे प्रकाशाचे अतिशय अल्पकाळ टिकणारे झोत, वापरले: पहिला अभिक्रिया सुरू करतो, दुसरा तिची त्या क्षणीची अवस्था टिपतो. दुसऱ्या स्पंदाची वाट आरशाच्या साहाय्याने एक मायक्रॉनने लांबवली, की तो सुमारे ३.३ फेमटोसेकंद उशिरा पोहोचतो. काळ मोजण्याचे काम असे अंतराकडे सोपवणे ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

सोडियम आयोडाइडच्या प्रयोगात मुक्त सोडियम अणूंची संख्या एकसारखी न वाढता पायरीपायरीने वाढत गेली. स्पंदाने उत्तेजित झालेला रेणू ताणला जातो, दोन अणूंमधील अंतर सुमारे ६.९ अँगस्ट्रॉम झाले की त्यातले काही रेणू तुटतात आणि उरलेले मागे फिरून पुन्हा ताणले जातात. अशा एका फेरीला साधारण १.२ पिकोसेकंद, म्हणजे १,२०० फेमटोसेकंद, लागतात. म्हणजे पुरेशी ऊर्जा असूनही रेणू पहिल्याच खेपेला तुटेल असे नाही. हे सरासरी वेगावरून कधीच उमगले नसते.

चार कार्बन अणूंचे वलय असलेल्या सायक्लोब्युटेनचे दोन इथिलीन रेणू होताना दोन्ही बंध एकदम तुटतात की एकामागून एक, हा वाद जुना होता. १९९४ साली झेवैल यांच्या गटाने सायक्लोपेंटॅनोनमधून कार्बन मोनॉक्साइड काढून टाकून मधल्या टप्प्यातला टेट्रामिथिलीन हा द्विमूलक (एकच बंध तुटून दोन्ही टोकांना एकेक जोडीविना इलेक्ट्रॉन उरलेला रेणू) तयार केला आणि तो सुमारे ७०० फेमटोसेकंद टिकतो असे दाखवले. त्यामुळे बंध टप्प्याटप्प्याने तुटतात या मताला भक्कम आधार मिळाला.

चंबूत उष्णतेने घडणाऱ्या अभिक्रियांना मात्र ही पद्धत सरळ लावता येत नाही, कारण तिथे रेणूंच्या टकरी वेगवेगळ्या क्षणी होतात आणि सर्वांची सुरुवात एकाच वेळी करून देणारा स्पंद नसतो.