दट्ट्या कुणी दिला?

ताई, नमस्कार.
मी अमळनेरची, वय बेचाळीस. तीन वर्षांपूर्वी घरातून खाखरा करून विकायला लागले. साधा नाही, कळण्याचा. दादर ज्वारी आणि उडदाचं पीठ गव्हात मिसळून. आमच्याकडे हे कुणीच करत नव्हतं. (सुरतला मावशीकडे गेले होते तेव्हा शेजारच्या बेनकडे पंधरा दिवस बसून हात बसवला होता. त्यांनी काही घेतलं नाही, उलट येताना लाकडी दट्ट्या दिला.) यजमान शेती बघतात. ठिबकवरची कपाशी आहे, पण भाव नाही, म्हणून घर याच्यावरच चालतं. गल्लीतली एक बाई माझ्याकडे लाटायला यायची, किलोमागे पैसे देत होते. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली आणि आता स्वतःच खाखरा विकते. पुरीएवढे छोटे करते, नंदुरबारच्या मिरचीचं तिखट आणि लसूण घालते, १० रुपयांचं पाकीट. मंगळवारी मंगळग्रह मंदिराबाहेर बसते. माझं पाकीट अर्ध्या किलोचं. माझी चव तीन वर्षांत एकदाही बदलली नाही, तरी गिऱ्हाईक तिकडे वळतंय. जिला हाताला धरून शिकवलं तिनेच माझी कल्पना चोरली. दोन दुकानदारांना मी सांगून ठेवलंय, तिचा माल ठेवाल तर माझा मिळणार नाही. रात्र-रात्र झोप येत नाही. पेटंट घेता येईल का? तिला कसं थांबवू?
– एक भगिनी, अमळनेर

ताई,

पेटंटचं आधी उरकते, कारण तिथे बोलण्यासारखं फार नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याला जगात कुठेही आधी माहीत नसलेली गोष्ट लागते. माहीत असलेली पिठं एकत्र केली आणि त्यातून त्या पिठांच्याच गुणांची बेरीज झाली, तर तो कायदा दारातूनच परत पाठवतो. तुमचं नाव आणि लेबल मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. दहा वर्षांसाठी मिळतं, पुढे नूतनीकरण होतं. ते जरूर करा. त्या बाईने तुमचं नाव छापून, तुमच्यासारखं लेबल लावून माल विकला असता, तर हे उत्तर मी तुमच्या बाजूने लिहिलं असतं. तसं तिने केलेलं नाही.

आता त्या कंसाकडे येते. तुमच्या पत्रात बाकी सगळं सविस्तर आहे, तिची पुरी केवढी आणि ती कुठल्या वारी कुठे बसते इथपर्यंत. सुरतच्या बेन मात्र एका कंसात आटोपल्या. त्यांचं नावसुद्धा नाही. अनोळखी बाईला त्यांनी पंधरा दिवस आपल्या तव्याशेजारी बसवलं. लाटी किती पातळ, आच केवढी, कुठल्या घडीला उलटायचा आणि दट्ट्याने कसा दाबत राहायचा म्हणजे फुगणार नाही, हे दाखवलं. पैसे घेतले नाहीत, आणि निघताना धंद्याचं हत्यारच तुमच्या हातात ठेवलं. तो दट्ट्या आजही तुमच्या तव्यावर फिरत असणार. त्याच हाताने तुम्ही मला लिहिता की तुमची कल्पना चोरीला गेली!

मला याचा राग आला आहे, तो लपवत नाही. तुम्ही बेनकडून घेतलंत ती चोरी नव्हती. मग तिने तुमच्याकडून घेतलं ती चोरी कशी?

धंदा नव्या कल्पनेवरच उभा राहतो, हे तुमच्या डोक्यात कुठून आलं मला कळत नाही, कारण तुमच्या गावाने याच्या अगदी उलट घडताना पाहिलं आहे. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली, मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींची. माल काय, तर वनस्पती तूप. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, जर्मनीतली. आपल्याकडे डालडा १९३७ पासून विकला जात होता. लोकांना हा माल लागतो हे आधीच सिद्ध झालेलं होतं, ती परीक्षा दुसऱ्याच्या पैशाने पार पडली होती. प्रेमजींनी कारखाना भुईमूग पिकवणाऱ्या, रेल्वे असलेल्या गावात आणला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. १९६६ साली वडील गेल्यावर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी कारभार बघायला आले, आणि आयबीएम देश सोडून गेल्यावर संगणकात उतरले. संगणकही त्यांनी शोधलेला नव्हता. त्या शेअर्सनी अमळनेरची किती घरं वर आली, हे मी तुम्हाला काय सांगावं!

आणि तुमच्या कपाशीत पसरलेली ती ठिबकची नळी? मुळात इस्राएलच्या सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरची. १९६५ साली तिथल्या हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीत ती बनवणारी कंपनी निघाली. जळगावच्या भवरलाल जैनांनी ती ऐंशीच्या दशकात इकडे आणली. दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याला परवडेल आणि कळेल अशी ती करणं, नळीबरोबर शेतात येऊन समजावून सांगणारा माणूस देणं, ही त्यांची खरी कमाई. नुसती नळी आणून गोदामात टाकली असती तर खान्देशात आज कुणी ठिबकचं नाव घेतलं नसतं.

तुम्हीही तेच केलंत, आणि ते फार चांगलं केलंत. कळण्याची भाकरी तव्यावरून उतरली की भरताबरोबर तिच्यासारखं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी ती वाळून जाते. पुण्या-मुंबईच्या पोराच्या डब्यात ती घालता येत नाही. खाखरा टिकतो. ही दोन टोकं तुम्ही एकत्र आणलीत. नुसत्या दादरचं लाटायला गेलं तर काठ फाटतात, म्हणून गव्हाचं पीठ घातलंत. हे डोकं तुमचं, त्याचं श्रेय तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्यानंतर तुम्ही थांबलात. तीन वर्षांत एकदाही चव बदलली नाही, असं तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे. त्या ओळीवर अभिमान नको. दुसऱ्याची गोष्ट उचलून आपल्या मातीत लावणारा माणूस बघत राहतो म्हणून टिकतो. तुमचं बघणं सुरतहून परतल्यावर संपलं.

तुमच्याकडे लाटणाऱ्या बाईचं मात्र चालू होतं. तिने काय काय पाहिलं बघा. मंगळवारी दर्शनाला आलेल्याला घरी न्यायला अर्धा किलो नको असतो, तिथेच उभ्या-उभ्या खायला काहीतरी हवं असतं. म्हणून १० रुपयांचं पाकीट. मोठा खाखरा पिशवीत चुरा होतो, पुरीएवढा होत नाही. तुमच्या खाखऱ्याला वरून तूप नाहीतर ठेचा लागतो. तिने तिखट आणि लसूण आतच घातलं, म्हणजे सोबत काही लागत नाही. यातली एक गोष्टही तिने तुमच्याकडून घेतलेली नाही. चोराला एवढं सुचत नाही. तुम्ही बेनच्या खाखऱ्याचं जे केलंत, तेच तिने तुमच्या खाखऱ्याचं केलं, आणि मला तरी ती तुमची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी वाटते. (किलोमागे तिला किती देत होता, मध्ये वाढवले होते का, यातलं काही पत्रात नाही. ते तुमचं तुम्हाला माहीत.)

दुकानदारांना दिलेला तो निरोप आजच्या आज मागे घ्या. यावर मी चर्चा करणार नाही. त्या बाईचंही घर याच्यावर चालत असेल. शिवाय दुकानदार काही तुमचा नोकर नाही. उद्या तिचा माल जास्त उठायला लागला की तो तुमचाच बंद करेल.

झोप येत नाही म्हणता. कपाशीला भाव नाही आणि घर तुमच्या तव्यावर, तर झोप उडणारच. त्या धास्तीची मला पूर्ण कल्पना आहे, आणि म्हणूनच तिला थांबवण्याच्या नादात तुमचा एकही दिवस जाऊ नये असं मला वाटतं. तुम्हाला करायचंय ते एकच. या महिन्यात सुरतला जा.

तापी लाइनची गाडी अमळनेरहून थेट जाते, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा करत. तुमचं एक पाकीट घ्या आणि तिचंही एक घ्या, १० रुपये मोजून, मंगळवारी तिच्यासमोर उभं राहून. मला खात्री आहे की तुम्ही ते अजून चाखलेलं नाही. बेनकडे जा. आधी त्यांना सांगा की तुम्ही शिकवलेला खाखरा मी तीन वर्षं अमळनेरला विकते आहे, माझं घर त्यावर चालतंय. हे सांगायला तुम्हाला उशीर झाला आहे. मग दोन्ही पाकिटं त्यांच्यासमोर फोडा. कुठलं कुणाचं ते सांगू नका. त्या काय म्हणतात ते ऐका. मध्ये बोलू नका.

दोन-तीन दिवस राहा, आणि पुन्हा त्यांच्या तव्याशेजारी बसा. तीन वर्षांत त्यांनी काय बदललं ते बघा. पाकीट केवढं करतात, नवे मसाले कोणते, भाजायला माणसं किती, माल कुठे जातो, जुन्यातलं काय सोडून दिलं. परतताना एक दिवस उधना-लिंबायतकडे काढा. तिथे गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या खान्देशी माणसांच्या आहेत, धुळ्या-जळगावहून कामाला गेलेल्या, पिढ्यांपासून तिथेच राहिलेल्या. त्यांना गुजराती खाखरा कोपऱ्यावर मिळतो, कळण्याची चव मिळत नाही. चार किराणा दुकानांत तुमचं पाकीट दाखवा आणि काय भावाने ठेवतील ते विचारा. मंदिराबाहेरच्या बाईशी भांडून मिळेल त्यापेक्षा कितीतरी मोठं गिऱ्हाईक तिथे बसलंय, आणि तिथे जायचा रस्ता तुम्हाला आधीपासून माहीत आहे.

यजमान म्हणतील, धंदा बसतोय आणि ही गावाला निघाली. म्हणू देत. चार दिवस तवा बंद राहिला तरी चालेल.

मला पुढचं पत्र परत आल्यावर लिहा, त्याआधी नको. आणि त्यात बेनचं नाव असू द्या.