झोपेपुरतीच घेते, तरी व्यसन का?

"झोप यावी एवढ्यापुरतीच दारू घेते, ड्युटीवर कधीही घेतलेली नाही; मग मला व्यसन लागले आहे का?" करोना महासाथीच्या काळात रुग्णालयातील अनेकांनी समुपदेशक म्हणून मला हाच प्रश्न विचारला. पुढील हकिगत त्यांपैकी एका परिचारिकेची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

2020 मध्ये ती अतिदक्षता विभागात होती. बारा-बारा तास पीपीई किटमध्ये काम करणे तिला जमत होते. जमत नव्हते ते घरी येऊन डोळे मिटणे, कारण वॉशिंग मशीन वाजले तरी तिला मॉनिटरचा अलार्म वाटे आणि ती ताडकन उठून उभी राही. सुरुवातीला दारूचा एक पेला पुरे, चार महिन्यांत तीन लागू लागले आणि त्यावर अल्प्राझोलाम या चिंता कमी करून गुंगी आणणाऱ्या औषधाची गोळीही. एका सकाळी शीर सापडूनही सुई धरलेला हात थरथरला, तेव्हा ती घाबरून माझ्याकडे आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या दारूच्या सवयीविषयीच्या 10 प्रश्नांच्या चाचणीत 8 किंवा अधिक गुण धोक्याचे मानतात. तिला 17 मिळाले. मला मात्र त्या आकड्यापेक्षा सकाळच्या थरथरीची काळजी अधिक वाटली. "आजपासून थेंबही घेणार नाही," असे ती म्हणाली, आणि मी तिला तिथेच थांबवले. शरीराला सवय जडल्यावर दारू किंवा अशी गोळी एकदम तोडली तर आकडी येऊ शकते, आणि दोन्ही एकत्र घेत राहिल्यास श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. म्हणून समुपदेशनाआधी मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांच्या देखरेखीखाली दोन्ही टप्प्याटप्प्याने सुटले.

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, हे ती रोज पहाटे तीनला अनुभवतच होती. आमच्या भेटींत बोलणे झाले ते मुख्यतः एका रुग्णाविषयी, ज्याच्या अखेरच्या क्षणी त्याच्या मुलीला दिसावे म्हणून तिने फोन हातात धरून ठेवला होता. हे तिने तोवर कोणालाच सांगितले नव्हते. त्या दिवशी ती खूप रडली. सलग रात्रपाळ्या कमी करून मागायलाही तिला धीर लागला, कारण त्यामागचे कारण विचारले जाईल आणि नोकरी जाईल, ही भीती होती.

सातव्या आठवड्यात तिने पुन्हा एकदा घेतली. सकाळी उठताच तिने स्वतःहून मला फोन केला.