उपासनेत पडद्यावर गीते दाखवताना

प्रिय बंधो, उपासनेत पडद्यावर गीते दाखवण्याची सेवा तुम्ही स्वीकारलीत याचा मनापासून आनंद झाला. त्यासाठी ओपनएलपी हे उपासनेतील गीते पडद्यावर दाखवण्याचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. गीते युनिकोडमध्येच (अक्षरे संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीतच) टंकित करा, कारण जुन्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात आणि ऐन उपासनेत मंडळी गाता गाता थांबते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका अशा:

- एका स्लाइडवर ४ पेक्षा अधिक ओळी कोंबणे.
- कडवे पूर्ण संपल्यावर स्लाइड बदलणे. शेवटचे शब्द गायले जात असतानाच ती बदलावी.

भजनात गायक धृपदाकडे केव्हाही वळतो, म्हणून धृपदाची स्लाइड सतत हाताशी असू द्या आणि गायकवृंदाच्या सरावाला आवर्जून बसा.