त्रास नाही, मग औषध कशाला?

प्रश्न : वार्षिक तपासणीच्या सोनोग्राफीत यकृतात चार सेंटिमीटरची हायडॅटिड गाठ दिसली. मला काहीच होत नाही. ऑपरेशन करावंच लागेल का? (फलटण)

घाई नको. रिपोर्टात 'सीई' (गाठीची अवस्था सांगणारी खूण) आणि त्यापुढे आकडा लिहिलाय का, ते आधी पाहा. नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या, कारण सगळं त्यावर ठरतं. ही गाठ म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या छोट्या चपट्या कृमीची अळी. तुमची गाठ सीई ४ किंवा ५ असेल आणि औषधाशिवाय तिथवर पोचली असेल, तर अळी बहुधा मेलेली आहे. मग औषधही नको, ऑपरेशनही नको. ठरावीक अंतरानं सोनोग्राफी मात्र काही वर्षं चुकवू नका. सीई १ किंवा ३अ असेल, तर एवढ्या गाठीला सहसा अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध काही महिने देतात. त्या काळात यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात.

'कसली गाठ आहे बघू' म्हणून कुणी सुई घालायला निघालं, तर थांबवा. आतलं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, नव्या गाठीही धरतात. छातीचा एक्स-रे काढून घ्या. फुप्फुसातही अशा गाठी असतात.

घरच्यांना तुमच्यापासून धोका नाही. मटणातूनही हे होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला लागून पोटात जातात. मेंढरू कापल्यावर गाठींचं काळीज कुत्र्यापुढे फेकलं जातं ना, चक्र तिथून फिरतं.

प्रश्न : संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू करायचंय. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, शौच तपासणीत स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीच्या अळ्या. पोट ठणठणीत आहे. जंतांचं नंतर बघितलं तर? (रत्नागिरी)

नाही, आधी जंत. हा कृमी त्याच शरीरात पुन्हा पुन्हा लागण करत दशकानुदशकं टिकतो. स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली की अळ्या अंगभर पसरतात, आणि त्यात माणसं दगावतात. शाळेत वाटतात ती एक जंताची गोळी इथं पुरत नाही. वजनानुसार आयव्हरमेक्टिन लागतं. कधी मध्य आफ्रिकेत राहिला असाल तर डॉक्टरांना आधी सांगा; तिथला लोआ लोआ कृमी रक्तात असेल तर हेच औषध अंगावर येऊ शकतं.

प्रश्न : रात्रीच्या रक्तनमुन्यात हत्तीरोगाचे जंतू निघाले. पाय तर सुजलेला नाही! (गोंदिया)

सुजण्याआधी सापडलं, हे बरंच झालं. रसवाहिन्या आतून बिघडायला लागलेल्या असू शकतात, शिवाय तुम्हाला चावलेला डास हे जंतू शेजारी पोचवतो. डीईसी या हत्तीरोगाच्या गोळ्यांचा १२ दिवसांचा कोर्स जेवणानंतर घ्या. सुरुवातीला ताप किंवा डोकेदुखी आली तर ती बहुधा जंतू मरत असल्याची खूण. आरोग्यसेविकेला कळवा, पण गोळ्या सोडू नका.