गोष्टीतला हिरो नाटकात व्हिलन कसा झाला?

प्रश्न: मुलीला रोज रात्री होमर या ग्रीक कवीच्या ओडिसीची गोष्ट सांगत होतो, ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणारा त्यातला ओडिसियस तिला जाम आवडला. मग मी स्वतःसाठी ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'फिलॉक्टेटीस' वाचायला घेतलं तर तिथे हाच माणूस एका आजारी, लंगड्या माणसाला फसवतोय. हा तोच ओडिसियस का? मधे काय बिघडलं? – एक वाचक

उत्तर: तोच आहे हो. आणि खरं सांगायचं तर मधे फार काही बिघडलेलं नाही, त्याचा गुण सुरुवातीपासून एकच, डोकं चालवायचं आणि थापा मारायच्या. फरक एवढाच की थाप कोणाला मारली जाते. ओडिसीत तो एकडोळ्या राक्षसाला 'माझं नाव कोणीच नाही' असं सांगून सुटतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, कारण समोर माणसं खाणारा आहे. इथाकाला, म्हणजे आपल्या घरच्या बेटावर पोचल्यावर तर तो वेषांतर केलेल्या अथेना देवीलाच थाप मारतो आणि ती रागवायच्या ऐवजी हसून त्याला हाताने कुरवाळते, लबाड आहेस म्हणते पण कौतुकाने. होमरला मात्र दुसरी बाजू माहीत होती बरं का. त्याच्याच इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याच्या नवव्या सर्गात ओडिसियस रुसून लढाई सोडलेल्या ग्रीक वीर अकिलीसची समजूत काढायला जातो तेव्हा अकिलीस त्याला तोंडावर ऐकवतो, की मनात एक आणि ओठावर दुसरं असलेला माणूस मला नरकाच्या दारासारखा नकोसा वाटतो. नंतरच्यांनी तोच धागा ओढला. पिंडार या कवीने तर सरळच म्हटलं की गोड बोलणाऱ्या होमरमुळे ओडिसियसची कीर्ती त्याने भोगलं त्याहून मोठी झाली.

आता तुमचं नाटक. ते इ.स.पू. 409 चं, अथेन्स तेव्हा वीसेक वर्षं स्पार्टाशी झगडतंय, सभेत जो छान बोलेल तो पब्लिकला कुठेही नेऊ शकतो हे लोकांनी पाहिलेलं. साप चावून पाय सडलेल्या फिलॉक्टेटीसला ग्रीकांनी लेम्नॉस बेटावर टाकून दिलेलं, कारण त्याचं ओरडणं आणि जखमेचा वास सहन होईना, आणि टाकायला गेलेला ओडिसियसच! दहा वर्षांनी ट्रॉय जिंकायला त्याचं धनुष्य हवंय म्हणून हा अकिलीसच्या पोराला पढवतो: दिवसातला थोडा वेळ निर्लज्ज हो, मग आयुष्यभर लोक तुला सज्जन म्हणू देत. मला हे वाक्य राक्षसापेक्षा भीतीदायक वाटतं, कारण किती ओळखीचं आहे. बरं पोराला शेवटी ते जमत नाही, तो धनुष्य परत देतो.

त्याच काळातला नाटककार युरिपिडीस आणखी कडक. 'हेक्युबा'त ओडिसियस हरलेल्या ट्रॉयच्या राणीकडे, हेक्युबाकडे येतो, तिची मुलगी पॉलिझेना बळी द्यायला न्यायचीय. हेक्युबा आठवण करून देते की तू भिकाऱ्याच्या वेषात हेर म्हणून ट्रॉयमधे आलास तेव्हा मी तुला वाचवलं, माझे पाय धरले होतेस. तो मान्यही करतो! म्हणतो, तुझा जीव वाचवीन, पण मुलीचं काही बोललो नव्हतो. अगदी कराराची बारीक अक्षरं वाचून दाखवल्यासारखं.

पण 'आधी हिरो, मग घसरण' असा सरळ आलेख काढू नका. त्याच सोफोक्लीसने आधी 'एजॅक्स' लिहिलं, त्यात एजॅक्स हा ग्रीक योद्धा ओडिसियसचा पक्का वैरी, ह्याला छळायलाच निघाला होता, आणि एजॅक्स मेल्यावर ग्रीक राजे त्याला पुरू देत नाहीत तर ओडिसियसच भांडून परवानगी मिळवून देतो, वर म्हणतो की मलाही उद्या हेच लागणार आहे.

मुलीला पुढे वाचून दाखवायचंच असेल तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा शेवट सांगा. मेलेल्यांचे आत्मे नवीन जन्म निवडतायत, ओडिसियसची चिठ्ठी सगळ्यात शेवटची निघते. दगदगीला कंटाळलेला तो बराच वेळ शोधत फिरतो आणि कोपऱ्यात पडलेलं, कोणी न उचललेलं एका साध्या, आपल्यापुरतं जगणाऱ्या माणसाचं आयुष्य उचलतो, म्हणतो, पहिला नंबर लागला असता तरी हेच घेतलं असतं.