गावरान कोंबड्याचे मटण चिवट का होते?

प्रश्न : परसात वीस-पंचवीस गावरान कोंबड्या आहेत. घरी खायला कोंबडा कापतो, पण मटण चिवट लागते. पिसे काढताना कातडी फाटते. वजनही दीड किलोच्या वर जात नाही. ब्रॉयलरचे खाद्य सुरू करावे का?

उत्तर : नको. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो, कारण त्याची पैदासच त्यासाठी केलेली आहे. गावरान नर पाच-सहा महिन्यांत सव्वा-दीड किलो झाला तर तक्रारीला जागा नाही. पूर्ण वाढलेला कडकनाथही दोन किलोच्या आसपासच थांबतो. पहिले दोन महिने पिल्लांना चांगले खाद्य द्या. पुढे संध्याकाळी मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा पुरे, बाकीचे ते उकिरड्यावर उकरून खातात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगपेंड मात्र देऊ नका.

चिवटपणाचे एक कारण वय. खाण्यासाठीचे नर सहा महिन्यांच्या आत काढा, पैदाशीला दहा माद्यांमागे एक नर पुरतो. दुसरे कारण आपली घाई. पाहुणे दारात आले की कोंबडा खुराड्यातून थेट पातेल्यात! कापल्यावर काही तास स्नायू ताठर राहतात, तेव्हा शिजवले तर कुकरच्या शिट्ट्या वाया जातात. साफ केलेला कोंबडा झाकून फ्रिजमध्ये (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) एक दिवस ठेवा, मग शिजवा. दिवसा पळवून धरू नका; रात्रीच खुराड्यातून काढून डालग्याखाली ठेवा. दाणे बंद, पाणी चालू.

कातडी फाटते ती उकळत्या पाण्याने. पाणी ६० ते ६५ अंश हवे. थर्मामीटर नसेल तर उकळत्या पाण्यात तितकेच साधे पाणी मिसळा. रक्त पूर्ण निथळू द्या, कोंबडा निपचित पडल्यावरच बुडवा. साधारण मिनिटभरात पंखाचे मोठे पीस ओढून पाहा, सहज आले की बाहेर काढा. पोट उघडताना सुरी वरवर चालवा आणि काळजाला (यकृताला) चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी अखंड काढा. ती फुटली तर मटण कडू होते.

औषध चालू असलेला पक्षी कापू नका. किती दिवस थांबायचे ते पशुवैद्यकाला विचारा. मान टाकलेला, सुस्त पक्षी 'वाया जायला नको' म्हणून कापणे तर घातकच. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे लक्षात असू द्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर टोचून घ्या. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.