कॅरिबियनमधलं एखादं लहान बेट निसर्ग आणि तिथलं लोकजीवन बघण्यासाठी निवडायचं असेल, तर कुठलं निवडावं?

डॉमिनिका. तुम्ही लिहिलंय की हातात आठ-दहा दिवस आहेत, रिसॉर्टमध्ये लोळायचं नाही, जंगल आणि माणसं बघायची आहेत. मग फार शोधू नका. फक्त बुकिंग करताना नाव नीट वाचा, डॉमिनिकन रिपब्लिक हा निराळा देश आहे. २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ केले ना, ते मैदान डॉमिनिकाच्या राजधानीत, रोझोमध्ये आहे.

आधी वाईट बातमी. पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे विसरा. बेट ज्वालामुखीचं, वाळू बरीचशी काळी. डोंगर थेट समुद्रातून उठलेले आणि जिकडेतिकडे पाणी. आमच्या गुहागरकडचा श्रावण तिथे मार्चमध्येही भेटतो.

बॉइलिंग लेकला जायचं असेल तर एक अख्खा दिवस ठेवा. जाऊन-येऊन सहा-सात तास लागतात, वाट निसरडी आहे, वाटाड्या घ्याच. तळं लांबून वाफेच्या ढगासारखं दिसतं. वारा आला की ढग सरकतो आणि मधोमध राखाडी पाणी खदखदताना दिसतं, चुलीवरच्या आधणासारखं. त्याआधी व्हॅली ऑफ डेसोलेशन लागते. तिथल्या कढत झऱ्यात वाटाड्याने अंडी उकडून दिली. गंधकाच्या वाफेने माझी चांदीची अंगठी संध्याकाळपर्यंत काळी पडली होती, तेव्हा चांदी हॉटेलवर ठेवून जा. गुडघे कुरकुरत असतील तर ट्रॅफल्गर धबधबा बघा, रस्त्यापासून फार चालावं लागत नाही.

पण मला विचाराल तर निम्मा वेळ पूर्वेकडच्या कालिनागो टेरिटरीला द्या. कालिनागो म्हणजे कोलंबसच्या आधीपासून इथे राहणारे लोक. १९०३ मध्ये त्यांच्यासाठी सुमारे ३,७०० एकर जमीन राखून ठेवली गेली. ती सगळ्यांची सामाईक, कोणा एकाला विकता येत नाही. प्रमुख निवडणुकीने ठरतो. तिथे लारूमा नावाच्या बोरूसारख्या वनस्पतीच्या पट्ट्या काढून टोपल्या विणतात. विणणाऱ्या बाईंशेजारी मी तासभर बसले. बोटं चालत होती आणि तोंडाने मला गावच्या भानगडी सांगणं चालू होतं. घासाघीस करू नका, एका टोपलीत किती तास जातात ते बघितलंत तर करणारही नाही.

खायला कसावाची भाकरी मिळते. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, तोच हा. कडू जातीच्या कंदात विष असतं, म्हणून तो किसून, पिळून, रस काढून टाकून मग तव्यावर भाजतात. खोबरं घातलेली गरमागरम भाकरी खाल्ली आणि मला एकदम उपासाची आठवण झाली. कॅलालू म्हणजे तर अळूच: डॅशीनची पानं, नारळाचं दूध, कधी खेकडा. गूळ-चिंच नाही इतकंच. नीरफणस आपण काप करून तळतो, तिथे अख्खा निखाऱ्यावर भाजतात. शाकाहारी असाल तर मात्र आधी विचारून घ्या, सूपमध्ये काहीही निघतं.

भाषेची अडचण येत नाही, इंग्रजी सगळ्यांना येतं. आपसात बरेच जण क्वेयोल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली क्रिओल बोली बोलतात. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर क्रिओल संगीताचा महोत्सव मिळेल, पण ते वादळांचे दिवस. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळाने बेट अक्षरशः सोलून काढलं होतं. मी तरी फेब्रुवारी ते एप्रिलच सुचवेन. गाड्या डावीकडून चालतात, पण घाटातली वळणं बघून मी चालवायचा नाद सोडला.

विमान कुठून बदलताय ते मात्र आधी ठरवा. मायामीवरून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि त्याच्या मुलाखतीच्या तारखेवरच तुमची सगळी सहल ठरेल.